मापाची सायकल

मेकॅनिक : डावीकडची ग्रिप वरून झिजलीये, काकू. उजवीकडची अजून खरखरीत आहे.

काकू : रबरच ते. वापरलं की झिजणार.

मेकॅनिक : चालवून झिजते ती पुढच्या अंगाला, बोटं वळतात तिथे. आणि दोन्हीकडे साधारण सारखी. ही तळव्याखाली दबून झिजलीये. कोणीतरी सगळा भार एका हातावर टाकत असल्यासारखी.

काकू : माझा मुलगा काही डावरा नाही.

काका : अहो, पाणी मिळेल का जरा?

मेकॅनिक : देते. बसा ना काका, ते स्टूल ओढून घ्या. नाही, थांबा, मीच देते सरकवून.

काकू : बघा, आल्या आल्या पाणी. मी म्हणत होते, तुम्ही येऊ नका, घरी बसा.

काका : किती महिन्यांनी खाली उतरलोय. म्हटलं सायकलीबरोबर माझाही भाव काढून घ्यावा. एका खेपेत दोन कामं.

काकू : तुमचा भाव मला ठाऊक आहे.

मेकॅनिक : ही मागच्या वर्षीही आली होती ना? मी आतल्या बाजूला चाकं बांधत बसले होते. तेव्हा दुकान माझे उस्ताद सांभाळायचे, त्यांनी बघितली होती.

काकू : दरवर्षी आणते. उस्तादांनीच बनवली आहे ही, इथेच, या टेबलावर. नळ्या त्यांनी कापल्या, जोड त्यांनी दिले. माझ्या मुलाला अंगासरशी हवी होती. डोंगरात जायचा तो, दगडाधोंड्यांतून. तयार सायकली त्याला आखूड पडायच्या. पाठ धरायची.

मेकॅनिक : हो, वरची नळी बरीच लांब आहे. हात लांब असणार त्याचे.

काकू : लांब म्हणजे, बाही नेहमी दीड बोट जास्त. मी शिवणकाम करते. त्या दिवशी माप मीच घेतलं. उस्तादांची टेप गंजलेली, मधले आकडे दिसत नव्हते. मी म्हटलं बाजूला व्हा, आणि पर्समधली माझी काढली. पायाचं आतून माप कसं घ्यायचं तेही त्यांना धड माहीत नव्हतं.

काका : आमच्या घराण्यात कोणाचे हात असे नाहीत. लिफ्टमध्ये वरचं बटण दाबायला बरे पडले असते.

काकू : हे लिफ्टवर होते. एका मोठ्या ऑफिसात.

काका : जन्मभर लोकांना उभ्या उभ्या वर नेलं. आमच्या इमारतीला मात्र लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

काकू : झालं? हे सगळ्यांना सांगतात. दूधवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

मेकॅनिक : मुलगा इथे नसतो का आता?

काकू : नोकरीला गेलाय, लांब. बरीच वर्षं झाली. फोन करतो. मी सांगते, आज सायकलीचा भाव काढून आणला, एवढा एवढा येतोय, काय करू. म्हणतो, राहू दे आई, आलो की बघू.

काका : चिरंजीव येतात. आले की बघतात. बघून जातात.

काकू : तुम्ही पाणी प्या.

मेकॅनिक : तर मग या वर्षी खरंच विकायची आहे, की नुसता भाव हवाय? राग मानू नका. माझ्याकडे येणारे निम्मे लोक विकायला येत नाहीत. मी काय म्हणते ते ऐकून घरी जातात. मला चालतं तेही. फक्त कोणत्या प्रकारे बघायची ते कळलं तर बरं.

काकू : खरं सांगायचं तर...

काका : मी सांगतो. माझी बहीण इथून जवळच राहते. तिच्या घराच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. एकच पायरी. म्हणते, तुम्ही दोघं या, वर-खाली करून किती मराल. दोन वर्षं म्हणतेय. आता म्हणाली, या महिन्यात काय ते सांगा, नाहीतर भाडेकरू बघते.

काकू : खोल्या लहान आहेत. तिथे ही सायकल राहत नाही.

काका : म्हणून हिने सांगितलं, आधी सायकलीचं ठरू दे, मग खोल्यांचं.

काकू : मग त्यात काय चुकलं? उगाच उचलून कोणाला तरी देऊन टाकायची का?

मेकॅनिक : बरं. मग मी सरळच सांगते. अख्खी विकायला गेलात तर सहजी गिऱ्हाईक मिळणार नाही.

काकू : का? गंजाचा एक ठिपका दाखव मला.

मेकॅनिक : गंज नाहीये. इतकी स्वच्छ जुनी सायकल मी बघितलेली नाही. जोड तर असे आहेत की मी शिकणाऱ्यांना बोलावून दाखवावेत. पण काकू, ही एका माणसाच्या अंगावर बेतलेली आहे. त्याच्याएवढे हात आणि त्याच्याएवढे पाय असलेलाच माणूस हवा, आणि त्याला जुनी सायकल हवी असायला हवी. शिवाय या मापाची चाकं आता नव्या सायकलींना नसतात. टायर शोधावे लागतात.

काकू : मापाचं शिवलेलं दुसऱ्याला बसत नाही. ते मला सांगू नकोस.

मेकॅनिक : तेच.

काकू : पण आम्ही कमी-जास्त करतो. आत घेतो, सोडतो. ही आत घेता येत नाही?

मेकॅनिक : तुम्ही शिवणीत माया ठेवता. इथे नळी कापून थेट सांधलेली आहे, आत दुमडून ठेवलेलं काही नाही. सीट वर-खाली होईल, हँडल थोडं जवळ येईल. त्यापलीकडे नाही.

काका : मग हिची किंमत काय?

मेकॅनिक : सुटी केली तर आहे. पुढचा फोर्क चांगला आहे, गिअर चांगले आहेत, पेडलची क्रँक तर कोणीही घेईल. चाकांच्या मधले हब माझ्याच गिऱ्हाइकाला हवेत. सगळं सुटं सुटं विकलं तर मुलाने जेवढे पैसे घातले होते त्याच्या निम्म्याच्या आसपास येतील. अख्खी विकलीत तर त्याच्याही निम्मे, तेही वाट बघून.

काकू : आणि फ्रेम?

मेकॅनिक : फ्रेमला कोणी काही देणार नाही.

काकू : म्हणजे सगळ्यात जास्त मेहनत ज्याच्यात आहे त्याला काही नाही.

मेकॅनिक : हो. मला सांगायला बरं वाटत नाही, पण हो.

काकू : मग नको विकायला. ऐकलंत ना? कवडीमोलाने कशाला द्यायची. चांगली ठेवली आहे, घरात एका कोपऱ्यात उभी आहे, खायला मागत नाही. वन्संना सांगू, सायकलीचं काही जमत नाही.

काका : सांगू.

काकू : असं तोंड करू नका. तुमचे गुडघे बरे आहेत म्हणून तुम्हीच सांगता ना? रोज विचारते मी.

काका : मी कुठे काय म्हटलं?

काकू : उठा मग. कितीही झालं तरी तो जिना चढायचाय. शेजारचा संध्याकाळी आला की सायकल वर आणून देईल.

मेकॅनिक : एक मिनिट. परत नेताय तर एकदा तपासून देते. पैसे नकोत. टायर, ब्रेक, एवढंच.

(मेकॅनिक सायकल स्टँडवर चढवून पुढचं चाक फिरवते, ब्रेक दाबते. चाक फिरतच राहतं.)

मेकॅनिक : हे काय आहे?

काकू : काय झालं?

मेकॅनिक : ब्रेक धरतच नाही. मागचा... मागचाही नाही. थांबा, वास येतोय. चाकाच्या मध्ये ही ब्रेकची तबकडी आहे ना, हिला तेल लागलंय.

काकू : लागलं नाहीये, लावलंय. दर रविवारी मशीनला लावते तेव्हा हिलाही लावते. मशीनचंच तेल, पातळ, डाग न पडणारं. चेनला, त्या बारीक चाकांना, आणि या तबकड्यांना. लोखंड उघडं पडलं की गंजतं.

मेकॅनिक : चेनला बरोबर आहे. पण काकू, तबकडीला तेल लावायचं नसतं. हे दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, म्हणून सायकल थांबते. त्यांनी तेल शोषलं की मग कितीही दाबा, नुसते घसरतात.

काकू : मशीनला आम्ही सगळीकडे लावतो.

मेकॅनिक : मशीनमध्ये सगळं घसरायलाच हवं. इथे तेवढी एक जागा अशी आहे की घसरता कामा नये.

काकू : उस्ताद तर कधी काही बोलले नाहीत.

मेकॅनिक : नसतील बोलले. ते दरवर्षी पॅडच्या दोन जोड्या बाजूला काढून ठेवायचे. मी विचारलं तर म्हणायचे, एक सायकल येते, तिला लागतात. कोणाची ते सांगितलं नाही.

काका : भला माणूस.

काकू : म्हणजे दरवर्षी मी बिघडवायचे आणि ते गुपचूप नीट करायचे?

मेकॅनिक : चालवत कोणी नव्हतं ना. म्हणून कोणाला कळलं नाही. आता दुसरी गोष्ट विचारते. येताना औषधाच्या दुकानापासून उतार आहे, चांगला मोठा. सायकल कोणाच्या हातात होती?

काकू : ह्यांच्या. माझ्याकडे पिशवी होती. मी म्हटलं मी धरते, पण नाही, म्हणाले मीच आणतो. आणि चांगले ऐटीत चालत होते. मला वाटलं, बरं झालं आणलं ह्यांना. मध्येच काय सुचलं कोण जाणे, काचेच्या दुकानापाशी थांबून आरशात बघत बसले.

काका : चेहरा विसरलो होतो.

मेकॅनिक : काका, थांबलात, की सायकल अडवलीत?

काका : एकच झालं ते.

मेकॅनिक : नाही, एक नाही. पुढच्या टायरला बाजूने ताजं खरचटलंय. दगडाला घासल्यासारखं.

काका : दुकानाची पायरी होती.

काकू : कसली पायरी?

काका : अगं काही नाही. उतारावर ती जरा पुढे जायला लागली. मी ब्रेक दाबला, ती ऐकेना. मग चाक वळवून पायरीला लावलं. थांबली.

काकू : ती पुढे जायला लागली तर सोडून द्यायची. पडली असती तर पडली असती. तुम्ही कशाला तिच्याबरोबर?

काका : सोडून द्यायला मी वेगळा उभा असायला हवा ना.

काकू : म्हणजे?

मेकॅनिक : काकू, ही ग्रिप मुलाने झिजवलेली नाही.

काकू : तू मध्ये बोलू नकोस पोरी. अहो, म्हणजे काय?

काका : म्हणजे मी तिच्यावर रेललो होतो. डाव्या हाताने. उजवा सीटवर.

काकू : आज.

काका : आजही.

काकू : आजही म्हणजे काय?

काका : तू दुपारी कपडे द्यायला जातेस ना, तेव्हा. पलंगापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून मोरीपर्यंत. काठी एका बाजूला कलते, भरवसा नाही वाटत. ही बरोबर चालते. बोलत नाही. परत जागेवर ठेवून देतो, हँडल भिंतीकडे, जसं तू ठेवतेस तसं.

काकू : किती दिवस?

काका : मोजले नाहीत. एक पावसाळा तरी गेला.

काकू : आणि मी असते तेव्हा?

काका : तू असतेस तेव्हा बसून असतो. तू म्हणतेस ना, किती आळशी झालात.

काकू : मी रोज विचारते, गुडघे कसे आहेत. तुम्ही म्हणता, चालतंय.

काका : चालतच होतं की. चाकांवर.

काकू : हसू नका.

काका : बरं.

काकू : मी म्हणायचे, उभ्या सायकलीची हवा कशी कमी होते. दर रविवारी पंप घेऊन बसायचे. वाटायचं ट्यूब जुनी झाली.

काका : मला आधी वाटलं होतं, तुला कळलंय. माझ्यासाठीच भरतेस आणि बोलत नाहीस.

काकू : नाही. मी त्याच्यासाठी भरत होते.

काका : हो. ते नंतर लक्षात आलं.

मेकॅनिक : मी चहा सांगू का?

काकू : नको. सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

काका : सांगितलं असतं तर तुला घर सोडावं लागलं असतं.

काकू : मग सोडलं असतं.

काका : सोडलं असतंस, माहीत आहे. म्हणूनच नाही सांगितलं. अगं, त्याच्या खोलीत एवढी मोठी खिडकी आहे. तू अजून पॅसेजमध्ये बल्ब लावून शिवतेस. सुईत दोरा ओवायला मला हाक मारतेस. त्या खोलीत मशीन नेली नाहीस एवढ्या वर्षांत. आता मी म्हणणार, माझे गुडघे दुखतात, चल उठ, ती खोलीच सोड?

काकू : त्या खोलीत कापडाचा कचरा होतो.

काका : हो. तेच कारण.

काकू : आज खाली कसे उतरलात तुम्ही? मी पुढे निघून गेले होते, शेजाऱ्याला सायकल कशी धरायची ते सांगत.

काका : बसून. एकेक पायरी. मधल्या मजल्यावरची बाई दार उघडून बघून गेली, पुन्हा लावून घेतलं. भली आहे.

काकू : आणि परत वर कसे जाणार होतात?

काका : ते वर जाताना बघणार होतो.

काकू : ऐकतेस का गं? हा माणूस असा आहे. आणि मी याच्या हातात तेल लावलेली सायकल दिली.

मेकॅनिक : तुम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. एकमेकांचं.

काकू : नव्हतं कसं? मापावर पोट आहे माझं. ह्यांचे पायजमे डाव्या गुडघ्यावर फुगायला लागले होते, मी तिथे ठिगळ दिलं आतून. म्हटलं कापड विरलं. कापड का विरलं ते नाही विचारलं.

काका : ठिगळ छान आहे. दिसत नाही.

मेकॅनिक : काकू, एक विचारू? तुमचा मुलगा आता आला, यावर बसला, तर त्याला तरी ही बसेल का?

काकू : म्हणजे?

मेकॅनिक : ती बनवली तेव्हा तो पंचविशीत असेल. आता त्याला एवढं वाकून बसवणार नाही. पाठ तशी राहत नाही. पोटही. मी कोणाचंही जुनं माप धरून काम करत नाही, दर वेळी नव्याने घेते.

काकू : मीही घेते. गिऱ्हाइकाचं दर वेळी घेते. त्याचं नाही घेतलं.

मेकॅनिक : कधी?

काकू : मागच्या खेपेला. त्याला चकित करायचं म्हणून येण्याआधीच शर्ट शिवून ठेवला. माप पाठ होतं मला. घातला त्याने. बाही बरोबर आली, पण पोटावर बटणं लागेनात. म्हणाला, छान झालाय आई, हल्ली असाच उघडा घालतात. आणि दिवसभर तसाच बसला.

काका : शर्ट घेऊन गेला तो. ठेवून नाही गेला.

काकू : घेऊन गेला. बॅगेत सगळ्यात खाली.

मेकॅनिक : मी नवे पॅड टाकून देते. तबकड्या धुऊन देते. निदान ब्रेक तरी धरतील. मग घरी न्या, हवं तर काकांना वापरू द्या. पण खरं सांगू, याहून चार पायांचा तो आधार येतो ना, दवाखान्यातला, तो बरा. तो घरंगळत नाही.

काका : तो म्हाताऱ्यांचा असतो.

काकू : तुम्ही कोण मग?

काका : मी सायकलवाला.

काकू : उसवायला किती वेळ लागतो गं?

मेकॅनिक : काय?

काकू : हिला. सुटी करायला.

मेकॅनिक : तास-दीड तास. पण आजच करायला हवी असं नाही. इथे ठेवून जा, रात्रभर विचार करा, उद्या फोन करा.

काकू : ठेवून गेले तर उद्या सकाळी न्यायला येईन. मला माहीत आहे मी कशी आहे ते.

काका : घाई नाही. तुझ्या वन्संनी दिलेली मुदत अजून आहे.

काकू : मुदत त्यांची आहे. गुडघे तुमचे आहेत. तू पाना घे हातात. नको, थांब. फ्रेमचं काय करतेस तू?

मेकॅनिक : भंगारात नाही देणार. त्या भिंतीवर लावते. नवीन मुलं येतात शिकायला, त्यांना जोड कसा द्यायचा ते दाखवायला. तुम्हाला चालत असेल तर.

काकू : भिंतीवर उंच लाव. आणि तेल लावू नकोस.

मेकॅनिक : फ्रेमला लावलं तर चालतं, काकू.

काकू : बरं. मग तूच काय ते बघ. ही ग्रिप मला काढून दे. डावी.

काका : त्या ग्रिपचं काय करायचंय तुला?

काकू : ते माझं मी बघेन. दे गं ती पिशवीत. अहो, तुमच्याकडे फोन आहे ना?

काका : आहे. चिरंजीवांना लावू?

काकू : त्याला संध्याकाळी सांगू. आधी वन्संना लावा. म्हणावं, भाडेकरू बघू नका. आम्ही येतोय राहायला. आणि विचारा, खालच्या कुठल्या खोलीची खिडकी मोठी आहे. मशीन तिथे लावायची आहे मला.